तांडेलाच्या मुलाची मिशी

मी एक मिशी आहे. खरी नव्हे, लावायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही मला भलताच मान द्याल आणि मग मलाच अवघडल्यासारखं होईल.

मिशी म्हटलं की लोक काय काय बोलतात. कुणी तिला पीळ देतो, कुणी तूप लावतो, कुणी पैजेवर ती उतरवून देईन म्हणतो. पुरुषाची सगळी अब्रू म्हणे तिथं, वरच्या ओठावर बसलेली असते. आणि शब्द पाहा, 'ती मिशी'. बाईच्या जातीचा. यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. मला मात्र जन्मभर वाटत आलं. कारण ज्याच्या ओठावर मी बसायचे तो पोटासाठी बाई व्हायचा, आणि घरी जाताना त्याला पुरुष करायचं काम माझ्याकडे होतं.

माझा जन्म एका संगीत नाटक कंपनीच्या रंगपटात झाला. नटांची तोंडं रंगवायची आणि टोप चढवायची ती खोली. तिथं धाकू नावाचा माणूस बसायचा. नायिकेच्या लांब केसांचा टोप बांधून झाल्यावर त्याच्याकडे थोडे केस उरले होते. ते त्यानं मलमलीच्या पट्टीवर एकेक करून गाठवले, कात्रीनं टोकं मारली, मेणाचं बोट फिरवलं, आणि मी झाले. म्हणजे ज्या केसांची नायिकेची वेणी, त्याच केसांची मी. सख्ख्या बहिणीच म्हणा. ती दिव्यांच्या झोतात मिरवायची, मी पेटीच्या तळाशी, झाकण तुटलेल्या कुंकवाच्या करंड्यात.

लवू म्हणजे त्या कंपनीत नायिकेची कामं करणारा नट. मला करायला त्यानंच सांगितलं होतं.

"कुठल्या नाटकात लागतेय?" धाकूनं विचारलं.

"नाटकात नाय. घरी जायला."

धाकू चेष्टेखोर माणूस, पण तेव्हा हसला नाही. त्यानं लवूच्या ओठाचं माप परत एकदा घेतलं.

घरी जायला मिशी का लागावी, ते सांगायला हवं. मलाही ते पुढे तुकड्यातुकड्यानं कळलं. सांगताना अजून लाज वाटते, आणि मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते.

लवू पूर्णगडचा. त्याचा बाप रावजी शिडाच्या गलबतावर तांडेल होता. मुंबईपासून मलबारापर्यंत कौलं, नारळ, मीठ, जे मिळेल ते भरून न्यायचं आणि खलाशांना हाकायचं, हा त्याचा धंदा. लवूचा गळा गोड. शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात तो गवळण नाचायचा, मिशीवर पदर ओढून. पदर सुटला की मिशी दिसायची, लोक हसायचे, गवळणही हसायची, आणि रावजी सगळ्यात मोठ्यानं. लुगडं नेसायला कुणाचीच ना नव्हती.

पण कंपनीत ते चालत नाही. पुण्याचा प्रेक्षक नायिकेच्या ओठावर केस खपवून घेत नाही. लवूनं मिशी काढली. शहरात कोरे ओठ पुष्कळ दिसतात, कचेरीतल्या बाबूंचे, कॉलेजातल्या मुलांचे. लवू शहरात रमला होता. आपण काय काढलं, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

त्याच्या गावी बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेला की न्हावी येतो, मुलाचं डोकं करतो आणि मिशी उतरवतो. कोऱ्या ओठाचा मुलगा वाटेत दिसला की लोक समजून जातात. विचारावं लागत नाही.

चोवीस सालच्या शिमग्याला लवू आगबोटीनं गावी आला. रावजीचं गलबत तेव्हा मलबारच्या बाजूला गेलेलं, यायची वेळ टळून गेलेली. बंदरावर मासे वाळत घालणाऱ्या बायकांनी लवूच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. एकीनं डोक्यावरची पाटी खाली उतरवली. लवूला वाटलं, बरेच दिवसांनी आलो म्हणून बघतायत.

आई दारात तांदूळ पाखडत होती. आनंदीबाई तिचं नाव. तिनं मान वर केली, एकदा त्याच्या ओठाकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. मुलगा मुंबईहून आलाय, म्हणजे मुंबईच्या बंदरात बातमी लागली असणार. तिनं काही विचारलं नाही. जोत्याच्या चिऱ्यावर तिनं दोन्ही हात आपटले.

लवू "आई, तसं काय नाय गो" म्हणेपर्यंत बांगड्या फुटून गेल्या होत्या आणि कुंकूही पुसून झालं होतं.

मग गावात मोठाच पेच पडला. नवरा जिवंत असलेल्या बाईनं बांगड्या फोडल्या, आता परत भरायच्या कशा? देवळात कौल लावला. देवानं सांगितलं म्हणे, नवरा दारात उभा राहील तेव्हा भरा. त्यामुळे आनंदीबाई मोकळ्या हातांनी वाट बघत राहिली, आणि रावजी समुद्रावरून सुखरूप घरी आला तेव्हा त्याला दारात ती तशी दिसली. आपलं मरण बायकोच्या कपाळावर बघायची पाळी कितीजणांवर येते मला ठाऊक नाही. त्याच्यावर आली.

लवू तोवर कंपनीत परतला होता, पळूनच म्हणा. रावजीचा जोडीदार आत्माराम मुंबईला गलबत घेऊन आला तेव्हा निरोप घेऊन आला.

"तांडेलानं सांगितलंय," तो म्हणाला, "मिशी असंल तर उंबऱ्यात ये. नसंल तर मी मेल्यावर ये."

म्हणून मी.

लवूनं घरी सांगितलं की नाटक सोडलं, एका व्यापाऱ्याकडे कारकुनी धरली. हे खरं करून दाखवायची जबाबदारी माझी. मी तशी घाबरट. मला कुणी काही सोपवलं की ते माझ्याच हातून बिघडणार असं मला आधीपासून वाटत असतं, आणि बहुतेक वेळा ते बिघडतंच.

आगबोट रत्नागिरी बंदर सोडून खाली निघाली की लवू करंडा घेऊन बोटीच्या संडासात शिरायचा. एका हातानं कडी धरायची, दुसऱ्या हातानं ओठाला राळ लावायची. राळ म्हणजे झाडाचा चिकट रस, धाकू ती स्पिरिटमध्ये विरघळवून बाटलीत भरून द्यायचा. मग मला दाबून बसवायचं. ओठावर आदल्याच दिवशी वस्तरा फिरलेला असायचा. राळ लागली की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, माझ्यामुळं हा रडतोय. तसं ते खरंच होतं.

पूर्णगडला आगबोट लांब उभी राहते. पडावात बसून किनाऱ्याला यायचं, म्हणजे तोंडावर खारं पाणी उडणार. पुढे चढ, घाम. घरी कढत पेज, तिची वाफ. कालवणातलं तिखट. यातलं एकेक मला सोडवायला टपलेलं. लवू घास लहान घ्यायचा, फुंकर घालायचा नाही, आणि हसायचं तर नावच नको, कारण हसलं की ओठ ताणतो आणि माझं टोक सुटतं.

"मुंबैचं पाणी बाधलंय काय रं?" रावजीनं एकदा विचारलं. "आल्यापास्नं हसला नायस."

त्यावर लवूला खरोखर हसू आलं आणि त्यानं चटकन तोंडावर हात नेला, नायिका नेते तसा, बोटं जुळवून. मग तो हात तसाच ठेवून खोकला.

त्याच्या बायकोला, राहीला, पहिल्याच दिवशी कळलं. बायकोला न कळून कसं चालेल. त्यानं मला काढून करंड्यात ठेवलं तेव्हा तिनं मला उचललं, खोबरेलाचं बोट लावून माझ्या पाठीवरची वाळलेली राळ सोडवली, फणीनं विंचरलं. "सासूबाईंच्या हातात नव्या बांगड्या आहेत," एवढंच ती म्हणाली. "जपून राहा." ते मला म्हणाली की नवऱ्याला, कोण जाणे. मी आपलं मनावर घेतलं.

पुढे त्यांना मुलगी झाली, कमळा. ती सहा-सात महिन्यांची असताना लवूच्या मांडीवर बसून जेवणाकडे झेपावत होती. झेपावता झेपावता तिनं मला धरलं. लहान मुलं धरतात ते काय सोडायला धरत नाहीत. माझं डावं टोक तिच्या मुठीत आणि समोर पानावर रावजी. राहीनं ते पाहिलं आणि हातातलं भाताचं ताट सोडून दिलं. तांब्यावर आपटून ते गडगडत चुलीपाशी गेलं. सगळे भाताकडे बघायला लागले.

"हाताला काय झालंय गो तुज्या?" आनंदीबाईनं विचारलं. "तांडेल जेवायला बसलाय, अन्न सांडतंस?"

राही खाली बसून भात गोळा करत राहिली. ती फुकटची बोलणी खात होती, आणि मी लवूच्या ओठावर पुन्हा दाबली जात होते. माझ्या लाजेचा दंड कुणीतरी दुसरंच भरत होतं. हे मला तेव्हा समजलं, आणि समजून काही करता आलं नाही.

आता लवूच्या कामाबद्दल. ते मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, पेटीतून ऐकलं. टाळ्या ऐकल्या, 'वन्स मोअर' ऐकले. पण सगळ्यात जास्त टाळ्या त्याच्या गाण्याला नव्हत्या. एका नाटकात नायिका स्वयंपाक करताना नवऱ्याची वाट बघते. हात पिठाचे, कपाळावर घाम. लवू मनगटाची मागची बाजू कपाळावरून फिरवायचा आणि तसाच, हात कपाळाशी ठेवून, दाराकडे बघायचा. बस्स. थेटर गप्प व्हायचं, मग टाळ्या.

ते मनगट राहीचं होतं. भाकरी थापताना ती अगदी तसंच करते. घरी असताना लवू चुलीपाशी बसून तिच्याकडे टक लावून बघायचा, ती लाजायची, तिला वाटायचं नवरा प्रेमानं बघतोय. प्रेमानंही बघत असेल. पण मी त्याच्या नाकाखाली होते, त्याचा श्वास मला कळायचा. तो पाठ करत होता.

एकदा कंपनी रत्नागिरीला आली. लवूनं तापाचं सोंग केलं, मालकानं ऐकलं नाही. पहिला अंक झाल्यावर तो रंगपटात आला आणि नऊवारीसकट पेटीवर बसला.

"पूर्णगडची माणसं आलीत," तो धाकूला म्हणाला. "ओळीनं बसलीत. आत्माराम हाय त्यांच्यात."

"बाप?"

"नाय."

"मग उठ. पिठाचा प्रवेश आहे."

त्यानंतर लवू गावी गेला तेव्हा तर माझा जीवच उडाला होता. त्यात समुद्र खवळलेला, बोट हेलकावे खात होती, आणि त्यानं संडासात चाचपडत मला लावलं ते उलटं. माझी टोकं खाली असतात, ती वर गेली. राळ घट्ट बसली होती, लवूला आरशात बघायचं धाडस नव्हतं, आणि राही माहेरी गेलेली, तेव्हा सांगणारं कुणी नाही. सगळा मुक्काम तो तसाच गावात हिंडला. बंदरावर बसला, देवळात गेला. कुणी एक शब्द बोललं नाही. आत्माराम समोरून आला तो म्हणे, "बरा हायस मा?" आणि पुढे गेला. फक्त रावजीनं एकदा त्याच्याकडे पाहून म्हटलं, "वारा फिरलाय." आणि समुद्राकडे तोंड केलं.

आम्ही दोघं परत निघालो ते आपण निभावलं अशा आनंदात. तो मूर्खपणा आठवला की मला अजून कुठंतरी तोंड लपवावंसं वाटतं, आणि मला तर तोंडही नाही.

पुढे कंपनीच्या नटांना चित्रपटवाल्यांची बोलावणी येऊ लागली. तेव्हा मुके चित्रपट होते. लवूनं दोन-तीन चित्रांत राण्या केल्या. पण कॅमेरा रंगभूमीसारखा दयाळू नाही. तो जवळ येतो. "ओठ काळा दिसतोय, परत वस्तरा," असं चित्र घेणारा ओरडायचा, आणि लवूचा ओठ दिवसातून दोनदा, तीनदा खरवडला जायचा. त्यावर पावडर, वर दिव्यांची धग. आणि सुट्टी मिळाली की राळ आणि मी.

मग बोलपट आले. बोलपटात बायका आल्या, चांगल्या घरच्या, शिकलेल्या. त्यांना बाईसारखं बोलायला शिकावं लागत नव्हतं. लवूचा आवाजही जड झाला होता. कंपनीचे प्रयोग रिकामे जाऊ लागले आणि एका पावसाळ्यात ती मोडली. बाहेर टोपांची पेटी विकायला काढली होती, त्यात माझी बहीणही गेली. कुणाकडे गेली, ठाऊक नाही.

लवूनं त्या दिवशी आरशात पाहिलं. मला वाटतं त्याला दुःखापेक्षा सुटल्यासारखं झालं होतं. "धाकू, आता मिशी ठेवायला मोकळा मी," तो म्हणाला.

त्यानं वस्तरा बंद केला. पंधरवडा गेला, महिना गेला. डाव्या बाजूला थोडे केस आले, उजवीकडे एक पुंजका, आणि मध्ये काहीच नाही. भाजलेल्या जमिनीवर गवत येत नाही तशी मधली जागा गुळगुळीत, पांढरट. राळेनं आणि वस्तऱ्यानं तिथली मुळंच गेली होती. खरी मिशी यायची होती ती जागा मी खाल्ली होती.

शेवटी त्यानं उरलेले पुंजकेही काढून टाकले. बोलपटात त्याला लहानसहान कामं मिळायची, सावकार, पुजारी, कुणाचा तरी बाप. प्रत्येक कामाला वेगळी मिशी लागायची, तेव्हा ओठ कोराच बरा. आणि घरी जाताना मी. त्याचं डोकं पिकायला लागलं. मी काळीच.

सदतीस साली रावजी अंथरुणाला खिळला. लवू धावत आला. म्हातारा पडवीलगतच्या खोलीत पडून होता, छाती भात्यासारखी चालत होती, पण नजर साफ. उतरती दुपार. राही पाणी घेऊन उभी होती.

"लवू, हिकडं बस," तो म्हणाला. "गावात आता न्हावी कोण?"

"शिवा. दाढी करायची काय?"

"माजी नाय. मी गेलो की तो येल. चार माणसं जमतील. तो वस्तरा लावायला तुजा ओठ धरील आनि मिशी त्याच्या हातात जाईल." म्हातारा दम खायला थांबला. "माज्या मयताला लोकं हसायची रं."

राहीच्या हातातला पेला कलला. माझ्या पाठीवरची राळ त्या क्षणी पाणी झाली असती तर बरं झालं असतं, पण ती जन्मात कधी नव्हती इतकी घट्ट होती.

"कवा कळलं, बाबा?"

"पैल्या दिवशी. तू पाया पडलास तवा. राळ आमी गलबताच्या फटीत भरतो. हयाती गेली त्या वासात. माज्या पोराच्या तोंडाला फटीचा वास येतो, मला कळायचा नाय?"

"मग बोलला नाय कधी?"

"काय बोलू. मिशी लावून ये म्हणून मीच सांगितलं. तू लावून आलास." त्याला हसू आल्यासारखं झालं, खोकलाच आला. "उलटी लावून आलास तवा आत्मारामान बंदरावर सगळ्यांना दम दिलान. कोण हसला तर तांडेलाशी गाठ हाय म्हणून. तोच रत्नांग्रीहून आला आनि मला म्हणतो कसा, रावजी, तुजी सून नाटकात बगितली. हुबेहूब. कपाळावर हात नेला तवा मला वाटलं ती मला पानी इचारतेय."

राहीनं पेला खाली ठेवला. "माझं घेतलंत," ती लवूला म्हणाली, हळूच. "मला दाखवायचं तरी होतं एकदा."

लवू मान खाली घालून बसला. मीही होते त्याच्याबरोबर, त्याच खाली घातलेल्या तोंडावर. इतकी वर्षं मला वाटत होतं की या घराची अब्रू मी सांभाळतेय, एवढीशी मलमलीची पट्टी, काय माझा ताण, काय माझी काळजी. आणि अख्खं गाव माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होतं. मी काही झाकत नव्हते. मलाच सगळ्यांनी झाकून घेतलं होतं.

"काढ ती," रावजी म्हणाला.

"आई..."

"तिला सकाळीच सांगितलंय. पोरगा मिशी काढील, तू घाबरू नको, मी हाय म्हणलं."

आनंदीबाई आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं डाव्या हातानं उजव्या मनगटातल्या बांगड्या घट्ट धरून ठेवल्या होत्या.

लवूचा हात ओठापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. त्याला ते जमेना. हजार लोकांसमोर ज्यानं पदर खांद्यावरून पाडला आणि सावरला, त्याला बापासमोर एक चिंधी काढता येईना.

"राही, तेल आन," म्हातारा म्हणाला.

खलाशांच्या हाताला डांबर चिकटतं, राळ चिकटते. ती कशी सोडवायची हे रावजीला शिकवावं लागलं नाही. त्यानं खोबरेलात बोट बुडवलं आणि माझ्या डाव्या कडेशी फिरवलं, थांबला, परत फिरवलं. दोरखंड ओढून ओढून ते बोट खडबडीत झालेलं. पण त्यानं ओढलं नाही. मी सैल होईपर्यंत वाट बघितली, मग एका बाजूनं मला वर उचलत नेलं. इतक्या वर्षांत मी इतक्या वेळा निघाले, पण अशी कधी निघाले नव्हते.

माझ्याखालचा ओठ त्यानं पहिल्यांदा पाहिला. भेगाळलेला, पांढरट, मधोमध मेलेली कातडी. मग मोकळ्या हाताचा अंगठा त्यावरून फिरवला.

"दुकतं काय?"

"आता नाय."

"मला बाहेर ने," रावजी म्हणाला.

लवूनं आणि राहीनं त्याला उचलून पडवीत आणलं. खांबाला टेकून बसवलं, लवू त्याच्या पाठीशी आधाराला. मी अजून म्हाताऱ्याच्या अंगठ्याला चिकटलेलीच होते. संध्याकाळचे लोक बंदरावरून वर येत होते. पहिली आली गोदूबाई, मासळीची पाटी घेऊन. तिनं लवूच्या ओठाकडे पाहिलं आणि थबकली, मग तिची नजर म्हाताऱ्यावर गेली.

"बापूस जिता बसलाय आनि ह्यो कोऱ्या ओठाचा?" ती म्हणाली.

"मी हाय अजून, गोदू," रावजी म्हणाला. "पोराचा धंदाच तसा हाय. नाटकवाला हाय तो."

"मंजे बाई व्हायचा ता खरा काय?"

"व्हायचा. माज्या सुनेला इचार."

गोदूबाई पाटी सावरत हसली आणि चालू लागली. मागून आणखी माणसं आली. प्रत्येकाला म्हातारा तेच सांगत होता, प्रत्येकाला दम लागेपर्यंत. मी हाय. ह्यो माजा लवू. नाटकात असतो. जे ऐकत होते त्यांना ते बारा वर्षं ठाऊक होतं, तरी प्रत्येकानं थांबून ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकून घेतलं. दिवेलागण झाली तेव्हा रावजीला अंगठ्याला काहीतरी लागलंय हे जाणवलं. कुठं पुसावं त्याला कळेना. त्यानं मला खांबाला चिकटवलं.

चार-पाच दिवसांनी तो गेला. शिवा न्हावी आला, त्यानं लवूचं डोकं केलं, ओठावरून रीत म्हणून वस्तरा नुसता फिरवला. कुणी हसलं नाही. हसण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

मी अजून त्याच खांबावर आहे. खाऱ्या वाऱ्यानं माझे पुष्कळ केस गेले. एक कड सुटून हलत असते. लवू आगबोटीतून कोऱ्या ओठानं उतरतो, माझ्याखाली बसून पेज पितो, फुंकर घालून. मला अजूनही त्याच्याकडे सरळ बघवत नाही. त्या ओठाचं जे झालं ते माझ्यामुळं झालं, आणि ते आता भरून येणार नाही. बरं वाटतं ते एवढ्याचंच की त्याला माझी गरज उरली नाही.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही. मी मिशी, आणि तीही खोटी. पण तुमच्याही घरात कुणीतरी काहीतरी लावून येत असेल. वास तुम्हाला आला असेल, तुम्ही गप्प असाल. कधीतरी ते काढायची वेळ येईलच. तेव्हा एवढं करा. चारचौघांत ओढू नका. आधी तेलाचं बोट फिरवा. एका बाजूनं सुरुवात करा, घाई करू नका, आणि निघाल्यावर खाली जे दिसेल त्याला विचारा, दुखतं का म्हणून.